दुखऱ्या जागांचा पहारेकरी

मी एक जुना पहारेकरी आहे. माझ्या दारातून आत जाताना भल्याभल्यांना घाम फुटला आहे. रुंद छातीची, जाड मानेची माणसे माझ्यासमोर हतबल होऊन बसली आहेत आणि एकाने तर अक्षरशः हात जोडले आहेत. याचे कारण एवढेच की त्यांना स्वतःचा पासवर्ड आठवत नव्हता.

मित्रांनो, मी एका बॉक्सिंग क्लबच्या वेबसाइटचा लॉगिन आहे. दोन चौकोन आणि एक बटण, एवढाच माझा देह. वरच्या चौकोनात ईमेल, खालच्यात पासवर्ड. दोन्ही जुळले की मी दार उघडतो. न जुळल्यास लाल अक्षरांत तसे सांगतो. यापलीकडे मला काही कळत नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती.

आमचा क्लब टायरच्या एका जुन्या गोदामात भरतो. वर पत्रा, मध्ये रिंग, कोपऱ्यात टांगलेली वाळूची पोती आणि खाली रबरी चटई. तिच्यावरचे कोणते डाग घामाचे आणि कोणते रक्ताचे, हे विचारायचे नसते. इथे रोज संध्याकाळी माणसे एकमेकांना मनापासून मारतात आणि मग एकाच बादलीतल्या बर्फात हात बुडवून गप्पा मारतात. नाके फुटतात, ओठ फाटतात. क्वचित एखादा दात चटईवर सापडतो आणि "कुणाचा रे हा?" अशी चौकशी होते.

क्लब चालवतात ते मास्तर. त्यांचे नाक तरुणपणीच दोनदा मोडलेले असल्यामुळे ते कितीही रागावले तरी त्यांना सर्दी झाली आहे असेच वाटते. पण उजवा हात अजून शाबूत असल्याने कोणी हसत नाही.

माझ्या जन्माआधी क्लबच्या दाराशेजारी एक काळा फळा होता. ज्याला जिथे दुखापत झाली असेल त्याने ती जागा फळ्यावर लिहायची, असा इथला रिवाज. 'डावा खांदा.' 'भुवईवर टाके.' सरावात बाकी कुठेही मारा, पण लिहिलेल्या जागी मारायचे नाही. एकदा एका हेवीवेटने फळ्यावर लिहिलेल्या जबड्यावर ठोसा घातला. मास्तर शांतपणे रिंगमध्ये चढले आणि त्यांनी त्याला असा हाणला, की दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्या हेवीवेटच्या दुखऱ्या जागा लिहायला दोन ओळी लागल्या. तेव्हापासून फळ्याचा मान फार वाढला.

पुढे क्लबात पोरे वाढली. सकाळच्या बॅचने लिहिलेले संध्याकाळची बॅच पाठीने पुसू लागली. पुसलेल्या जागांवर ठोसे बसू लागले. तेव्हा मास्तरांच्या जावयाने आपण वेबसाइट बनवू असे सुचवले. जावई फरशांच्या दुकानात नोकरीला. दुकानाची वेबसाइट त्याने कोडची एक ओळही न लिहिता तयार केली होती. असे साधन हल्ली मिळते. पडद्याच्या डाव्या बाजूला तयार तुकडे मांडलेले असतात. हवा तो उचलायचा आणि हवा तिथे चिकटवायचा. फरशी बसवण्यासारखेच ते काम असल्याने जावयाचा हात त्यात चांगला बसला होता.

माझा जन्म रिंगच्या कडेला झाला. जावयाने मला 'फोटोंचा संग्रह' आणि 'आमचा पत्ता' या दोघांच्या मधून उचलले आणि पानावर ठेवले. त्याच क्षणी रिंगमध्ये कोणाचे तरी नाक फुटले आणि रक्ताचा एक शिंतोडा लॅपटॉपच्या पडद्यावर, बरोबर माझ्या पासवर्डच्या चौकोनावर येऊन पडला. जावयाने तो रुमालाने पुसला. बाळाला कोणी तीट लावते, कोणी काय; माझे हे असे झाले.

मग त्या साधनाने नेहमीचा प्रश्न विचारला. जावयाने तो मोठ्याने वाचला.

"बाबा, इथं विचारतंय, आतलं पान कुणाला दाखवायचं? सगळ्यांना, लॉगिन केलेल्यांना, की ठरावीक माणसांना?"

"ठरावीक म्हणजे?"

"म्हणजे खेळाडूला फक्त स्वतःचं दिसेल, तुम्हाला सगळ्यांचं, डॉक्टरांना…"

"म्हणजे वरचे-खालचे करायचे?" मास्तरांनी हातातले पॅड खाली ठेवले. "माझ्या क्लबात चपला काढून आत आला तो आपला. आणि स्वतःचंच दुखणं वाचून करायचंय काय, जावईबापू? ते तर दुखतच असतं. दुसऱ्याचं कळलं तर हात आवरेल ना!"

"बरं. पण नवीन खातं कुणी उघडलं तर आधी आपण मंजुरी…"

"मंजुरी कसली? मी दारात उभं राहून कधी कुणाला विचारलंय, तू कोण म्हणून?"

रिंगमधून एक आवाज आला, "भाऊजी, नाद सोडा. बाबांनी असं विचारलं असतं तर तुम्ही तरी आत आला असता का?"

ही धाकटी. मास्तरांची धाकटी लेक. बोलता बोलताच तिने समोरच्या पोराच्या पोटात डावा ठोसा घातला आणि तो पोरगा दोरीवर ओल्या टॉवेलसारखा लोंबला. चेष्टा आणि मारामारी ती एकाच श्वासात करी.

जावयाने मान डोलावली. 'लॉगिन केलेल्यांना' या पर्यायावर टिचकी मारली. 'नवीन सदस्य आपोआप मंजूर' यावरही मारली. नव्या माणसाच्या स्वागताचा मजकूर मास्तरांनी स्वतः सांगितला: 'आत आलात, आता तुम्ही आपल्यातले.' मी तो पाठ केला.

मित्रांनो, माझी सुरुवातीची वर्षे मानाची होती. जावयाने मला कडक शिस्त लावली. पासवर्डमध्ये एक मोठे अक्षर हवे, एक अंक हवा, एक चिन्ह हवे. माझ्या या अटींमुळे एका हेवीवेटने आपला मोबाइल वाळूच्या पोत्यावर ठेवून फोडला आणि मग पोत्यालाही सोडले नाही. पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला की मी खाते काही काळ बंद करत असे. "एकदम सेफ आहे हे," असे जावई येईल त्याला सांगे. लोक माझ्याकडे आदराने बघत. कोणाला येऊ द्यायचे हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. पासवर्ड जुळतो का, एवढेच मला पाहायचे होते आणि ते मी डोळ्यांत तेल घालून पाहिले.

अशातच धाकटीची बरगडी गेली.

निवडीचा सामना आठवड्यावर आला होता. तिच्या वजनगटातून एकीचीच राज्याच्या संघात निवड व्हायची होती, आणि धाकटीची गाठ नदीपलीकडच्या क्लबच्या डावखुरीशी होती. तयारीसाठी धाकटी आपल्याहून दांडग्या पोराशी सराव करत होती. त्याचा एक हुक तिच्या उजव्या कुशीत असा बसला, की ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. ती खाली बसली नाही. तिने आधी त्या पोराचा ओठ फाडला आणि मग बसली.

तिची आई हॉस्पिटलात एक्स-रे काढते. त्यामुळे या घरातले कोणतेही दुखणे फार काळ झाकून राहत नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात आईच्या मोबाइलवर माझे पान उघडे होते, म्हणून पुढचे मला ऐकू आले.

"तू खेळणार नाहीस," आई म्हणाली.

"आई, पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. जिंकले तर संघात. नाहीतर जन्मभर पोरींना दोरीवरच्या उड्या शिकवत बसायचं."

"आणि ती बरगडी फुप्फुसात घुसली म्हणजे?"

"घुसली तर घुसली."

"अहो, ऐका तुमच्या लेकीचं! बोला की काहीतरी."

मास्तर ताटाकडे बघत म्हणाले, "डॉक्टर ठरवतील."

"डॉक्टरांना तुम्ही सांगणार?" धाकटीने चमचा आपटला. "बाबा, तुम्ही तोंडातून एक शब्द काढलात तर मी तुमच्या क्लबात पाय ठेवणार नाही. घरातसुद्धा नाही."

"मी? मी कशाला बोलू? एक शब्द बोलणार नाही."

ती उठून गेली तेव्हा मास्तर आईला हळूच म्हणाले, "तू साइटवर लिहून टाक. सामन्याच्या डॉक्टरांना जावयानं खातं उघडून दिलंय. ते वाचतील आणि तिला रिंगमध्ये चढू देणार नाहीत. माझा शब्दही राहील आणि पोरगीही."

आईने लिहिले: 'धाकटी. उजवी बाजू, खालून तिसरी बरगडी. तडा. इथे हात लावू नये.' इतके नेटके दुखणे माझ्या पानावर आजवर कोणी लिहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एक नवीन माणूस आला. हे नदीपलीकडच्या क्लबचे प्रमुख. सगळे त्यांना टकलू मास्तर म्हणतात. मित्रांनो, चोर म्हणावे तर ते चोर नव्हते. त्यांनी खोटे नाव घेतले नाही की खिडकीतून उडी मारली नाही. सरळ माझ्या दारात आले, 'नवीन खाते' दाबले, स्वतःचे खरे नाव लिहिले, आपल्या क्लबचा ईमेल दिला. पासवर्डमध्ये मोठे अक्षर होते, अंक होता, चिन्हही होते. इतका नियमाने वागणारा सदस्य मला आमच्या क्लबात मिळाला नव्हता. मी म्हणालो, 'आत आलात, आता तुम्ही आपल्यातले.'

ते आत गेले, धाकटीचे पान वाचले आणि बाहेर पडताना लॉग-आउटही केले. आमच्यातले कोणी ते कधी करत नाही.

सामन्याचा दिवस उजाडला. मोठा हॉल, मध्ये रिंग, भोवती खुर्च्या. जावई गुण नोंदवायच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होता, म्हणून मीही तिथे होतो. आई आली नव्हती. लेकीला मार खाताना बघवत नाही म्हणून ती कोणत्याच सामन्याला येत नसे. वजने झाल्यावर डॉक्टरांनी शेजारच्या खोलीत मोबाइल काढला आणि माझ्यासमोर उभे राहिले. पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक.

"जावईबापू, हे काय मागतंय हो?" त्यांनी दारातून हाक मारली.

"मोठं अक्षर घातलंत का, डॉक्टर?"

"सगळं घातलं! मुलाचं नाव घातलं, बायकोचं घातलं, आता काय जीव घालू?"

पाचव्या चुकीला मी माझे कर्तव्य बजावले. 'सुरक्षेच्या कारणास्तव आपले खाते बंद करण्यात येत आहे. थोड्या वेळाने प्रयत्न करावा.' नवा पासवर्ड दवाखान्याच्या ईमेलवर गेला. तो ईमेल दवाखान्यातल्या संगणकावर उघडतो, आणि सुट्टी असल्याने दवाखान्याला कुलूप होते.

"अरे, मी डॉक्टर आहे!" ते मोबाइलवर ओरडले. मी ते ऐकून घेतले. पण ओरडण्यासाठी माझ्याकडे तिसरा चौकोन नाही.

मग डॉक्टरांनी धाकटीला विचारले, "काही दुखतंय का?"

"छे, डॉक्टर."

मास्तर शेजारी उभे राहून छताकडे बघत होते. डॉक्टरांनी सगळे वाचलेच आहे आणि आता ते पोरीला नापास करणार, अशी त्यांची खात्री होती. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, म्हणाले, "ठणठणीत आहे पोरगी," आणि सही केली. मास्तरांनी छतावरून नजर खाली आणली. त्यांना वाटले, डॉक्टरांनी वाचले आणि हरकत नाही असे ठरवले. डॉक्टरांना वाटले, दुखापत असती तर बाप बोलला असता. नोंद असावी म्हणून सांगतो: त्या आठवडाभरात मी एकाच माणसाला बाहेर ठेवले, आणि ते हे डॉक्टर.

घंटा झाली.

पहिल्या फेरीत धाकटीने डावखुरीला बदडले. सरळ ठोशाने भुवई उघडली, दुसऱ्याने ती रुंद केली. रक्त डोळ्यांत उतरले, ग्लोव्हजला लागले, तिसऱ्या ठोशाला उडून पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर पडले. डावखुरीने रक्त पुसायला हातसुद्धा वर नेला नाही. ती धाकटीच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर खाली होती, उजव्या कुशीवर. फेरी संपता संपता तिचा डावा हात तिथे गेला. एकदाच.

धाकटी कोपऱ्यात येऊन बसली तेव्हा तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"काय गं?"

"काही नाही. पाणी."

दुसऱ्या फेरीत डावखुरीने डोके, जबडा, पोट सगळे सोडून दिले. जणू समोर माणूस नव्हताच. तळहाताएवढी एक जागा होती आणि तिच्याभोवती नाइलाजाने बाकीची मुलगी होती. डावा. डावा. पुन्हा डावा. धाकटीने कोपर खाली घेतले तर कोपराच्या मागून, वर घेतले तर खालून. एका ठोशाला तो ओल्या फांदीचा आवाज पुन्हा झाला आणि तो गुणांच्या टेबलापर्यंत ऐकू आला. जावयाची बोटे थांबली. त्यावर धाकटीने उत्तर म्हणून असा उजवा हाणला, की डावखुरीचे नाक गालाकडे सरकले. दोघी रक्ताने माखल्या होत्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून उभ्या होत्या. लांबून कोणाला वाटले असते, खूप दिवसांनी भेटल्या आहेत.

"हिला कुणी सांगितलं?" मास्तर दोरीला धरून पुटपुटत होते. "हिला कुणी सांगितलं?"

तिसऱ्या फेरीआधी त्यांनी टॉवेल हातात घेतला. तो रिंगमध्ये टाकला की सामना सोडला असे धरतात. धाकटीने तो बघितला. माउथगार्ड काढून ती म्हणाली, "टाकलात ना बाबा, तर मी तुमची कुणी नाही." माउथगार्डवर गुलाबी फेस होता.

बाप टॉवेल धरून उभा राहिला. हात निम्म्यापर्यंत वर गेला आणि तिथेच राहिला. घंटा झाली, डावखुरीने तीन पावले टाकली आणि सगळे वजन खांद्यात घेऊन डावा हात त्या जागी घातला. धाकटीचे तोंड उघडले, पण आवाज आला नाही. ती आधी गुडघ्यांवर, मग कुशीवर आणि मग तोंडावर पडली. खोकली तेव्हा चटईवर रक्ताचे बुडबुडे आले. टॉवेल त्यानंतर येऊन पडला.

डॉक्टर रिंगमध्ये धावले. मास्तर मात्र दुसरीकडे धावले. त्यांनी दोरीवरून उडी टाकून टकलू मास्तरांना कॉलरला धरले आणि त्यांचे डोके खांबावर आपटले. पलीकडच्या क्लबने खुर्च्या उचलल्या. आमच्या क्लबने बाके उचलली. गुण देणारे तिघे टेबलाखाली गेले. आमच्या हेवीवेटने एका माणसाला उचलून दुसऱ्या माणसावर फेकले. नंतर कळले की दोघेही पांढऱ्या शर्टवाल्या पाहुण्याचे नातेवाईक होते. घंटा वाजवणाऱ्याने सवयीने घंटा वाजवली, त्यामुळे सगळ्यांना नवीन फेरी सुरू झाल्यासारखे वाटले.

"कुणी सांगितलं तुला?" मास्तरांनी मूठ मागे नेली. "बोल! आमच्यातला कोण फुटला?"

टकलू मास्तरांनी दात थुंकला. "अहो, कोण फुटायला कशाला हवं? तुमच्या साइटवर लिहिलंय! मी खातं उघडलं. स्वतःच्या नावानं उघडलं! 'आता तुम्ही आपल्यातले' म्हणालात मला. म्हणालात की नाही?"

मूठ हवेतच राहिली. मास्तर सावकाश वळले. टेबलामागे जावई लॅपटॉप छातीशी धरून उभा होता.

"बाबा, तुम्हीच म्हणाला होता," तो म्हणाला. "आत आला तो आपला."

मास्तरांनी लॅपटॉपला ठोसा घातला. पडदा, कळा आणि जावई एकाच वेळी भिंतीवर आदळले. जावयाचा जबडा सुजला. मला काही झाले नाही. मी लॅपटॉपमध्ये राहत नाही.

धाकटी वाचली. छातीत नळी घालून रक्त काढावे लागले, आणि रिंगमध्ये पुन्हा उतरायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले. एक्स-रे आईनेच काढला; माझे पान तिच्या मोबाइलवर तेव्हाही उघडे होते. तो उजेडासमोर धरून तिने नवऱ्याला दाखवला, पण त्यांनी बघितला नाही.

"फळ्याला तरी कुठं दार होतं," मास्तर म्हणाले.

"नव्हतं," आई म्हणाली. "पण फळा आपल्या भिंतीवर होता. वाचायला यायचं तर तुमच्या डोळ्यांसमोरून यावं लागायचं. आता घरबसल्या कुणीही येतो आणि तुम्ही त्याला घरचा म्हणता."

धाकटीने नळी सांभाळत हात पुढे केला आणि बापाच्या शर्टाचे बटण धरले. "टॉवेल का नाही टाकलात?" असे तिने विचारले. मास्तरांनी पहिल्यांदाच खरोखर सर्दी झाल्यासारखे नाक ओढले.

पुढच्या आठवड्यात जावयाने मला सुधारले. तोंड उघडत नसल्यामुळे त्याने ते काम न बोलता आणि म्हणून नीट केले. आता नवीन खाते मास्तर स्वतः बघून मंजूर करतात. खेळाडूला स्वतःचे दिसते, सरावाला ज्याच्याशी जोडी असेल त्याचे दिसते, आईला सगळ्यांचे. पासवर्डनंतर मोबाइलवर आकडा येतो, तोही घालावा लागतो. आणि हे नियम त्याने नुसते पानावर लावले नाहीत, खाली जिथे माहिती साठवलेली असते तिथेही लावले. पान लपवले की माहिती लपली, असे होत नाही. पडदा ओढल्याने खोलीला कुलूप लागत नाही. डॉक्टरांना त्याने असे खाते दिले, की ते बंद पडलेच तर मास्तरांना लगेच फोन जातो.

मित्रांनो, मला फेकून देऊ नका आणि माझी पूजाही करू नका. दार कितीही मजबूत असले तरी ते एवढेच विचारते की तू कोण. त्या माणसाला आत काय दिसावे, हे दाराला कळत नाही. ते घरातल्यांनी बसून, भांडून, जमल्यास रक्त न सांडता ठरवायचे असते. कोणी आपली दुखरी जागा विश्वासाने तुमच्याकडे लिहून ठेवली असेल, तर ती कोण कोण वाचू शकते हे आधी एकदा दुसऱ्याच्या खात्यातून आत जाऊन बघा. माझ्यासारखे दार बसवायला दुपार पुरते. हे बघायला त्याहून कमी वेळ लागतो.

निकाल डावखुरीच्या बाजूने लागला आणि तिची निवड जाहीर झाली. मोडलेले नाक बसवून, भुवईला टाके घालून ती संघाच्या शिबिराला गेली. तिथे कळले, संघ ज्या स्पर्धेला जाणार होता तिच्या आयोजकांनी त्या वर्षी तो वजनगट ठेवलाच नव्हता.